सभेच्या अजेंड्यापासून गल्लीतल्या गटारीपर्यंत: पालिकेचं काम कसं चालतं आणि आपलं काम त्यात कसं बसवायचं

गटार तुंबली की गल्लीतून पहिला फोन नगरसेवकाला जातो. ते "बघतो भाऊ" म्हणतात, मुकादमाला सांगतात, दोन माणसं येऊन गाळ काढतात आणि पंधरा दिवसांनी गटार परत तुंबते. गटारीला उतारच नसेल किंवा ती पुढे नाल्याला जोडलेलीच नसेल, तर गाळ काढून काही होत नाही. नवी गटार बांधावी लागते. त्यासाठी अंदाजपत्रक, निधी, ठराव आणि निविदा लागते आणि यातलं काहीही फोनवर होत नाही.

भुसावळसारखी अ वर्गाची पालिका असो, अमळनेर-चोपडा-शहाद्यासारखं मधलं गाव असो की सावदा-फैजपूरसारखं छोटं, सगळ्यांचा कारभार एकाच कायद्याने चालतो: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965. बोदवड, साक्री, धडगावच्या नगरपंचायतींनाही तोच लागू आहे. जळगाव आणि धुळे या महानगरपालिका असल्याने त्यांचा कायदा वेगळा. त्यामुळे जळगावात राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेली पद्धत पाचोऱ्यात जशीच्या तशी चालेल असं धरून चालू नका.

सही कुणाची लागते

नगराध्यक्ष सभेचे अध्यक्ष असतात. कोणता विषय सभेपुढे घ्यायचा यात त्यांचा शब्द चालतो. सभा म्हणजे सगळे नगरसेवक मिळून ठराव करतात. ठरावाची अंमलबजावणी, कर्मचाऱ्यांवर नियंत्रण, बिलांवर सह्या, नोटिसा आणि परवानग्या हे सगळं मुख्याधिकाऱ्यांकडे. म्हणून अर्जावर नाव मुख्याधिकाऱ्यांचं घालायचं आणि प्रत नगराध्यक्षांना व प्रभागाच्या नगरसेवकांना द्यायची. नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारण दोन नगरसेवक निवडून येतात. दोघांनाही प्रत द्या, एकालाच दिली तर दुसऱ्याला काम नको असायला कारण मिळतं. नगरपंचायतीत प्रभागाला एकच नगरसेवक असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

2021-22 पासून राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. तेव्हा सभेचे अधिकारही प्रशासकाकडेच असल्याने ठराव कागदावर एका सहीने व्हायचे. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर पुन्हा नगरसेवक सभागृहात बसले. प्रशासकाच्या काळात मंजूर झालेलं तुमचं काम रद्द झालेलं नसतं. ते दप्तरात आहे की नाही एवढं विचारा आणि ठरावाची तारीख व क्रमांक काढून ठेवा.

कोणत्या महिन्यात काय मागायचं

पालिकेचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. पालिकेत काम मागायला बहुतेक लोक पावसाळ्यात जातात, आणि नेमका तोच काळ त्यासाठी सर्वात वाईट. तेव्हा अर्थसंकल्प होऊन चार महिने झालेले असतात, बांधकाम बंद असतं आणि कर्मचारी तुंबलेल्या नाल्यांमागे धावत असतात.

नवीन काम हवं असेल, म्हणजे गटार, काँक्रीट रस्ता, पथदिवे किंवा पाइपलाइन, तर अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात पडला पाहिजे. जानेवारीत विभागप्रमुख पुढच्या वर्षाच्या मागण्या लेखा विभागाकडे देतात आणि फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची विशेष सभा होते. त्या यादीत तुमच्या गल्लीचं नाव नसेल तर वर्षभर "निधी नाही" हेच उत्तर मिळेल, आणि ते खोटंही नसेल. नाले आणि मोठ्या गटारींची सफाई एप्रिल-मे महिन्यात होते. ती मागायची तर मार्चअखेर लिहून द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं कार्यालय वसुलीवर असतं. त्या दोन महिन्यांत घरपट्टीची हरकत सोडून दुसरं काम घेऊन गेलात तर टेबलावर माणूस भेटेल याची खात्री नाही. आचारसंहिता लागली की नवे कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारे लेखी आदेश, थांबतात. आधी कार्यादेश मिळून प्रत्यक्ष सुरू झालेलं काम मात्र थांबत नाही. ठेकेदार आचारसंहितेचं कारण सांगत असेल तर कार्यादेशाची तारीख बघा.

सभा आणि अजेंडा: इथे नीट लक्ष द्या

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते. तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी नगरसेवकांना मिळावी लागते, विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी. नोटिशीसोबत विषयपत्रिका असते. तिची एक प्रत पालिकेच्या नोटीस बोर्डावर लागते. तो बोर्ड बहुधा आवक-जावक टेबलाशेजारी असतो, त्यावर जुन्या निविदा, मतदार यादीच्या सूचना आणि लिलावाचे कागद एकावर एक चिकटवलेले असतात. वरचा कागद उचलून खालचा वाचायला लाजू नका.

विषयपत्रिकेतला पहिला विषय बहुतेक ठिकाणी ठरलेला: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." लोक हा विषय सोडून देतात. पण मागच्या सभेत तोंडी झालेली चर्चा आणि लिहिलेला ठराव यांत फरक असेल, तर तो दुरुस्त करायची जागा हीच. इतिवृत्त एकदा कायम झालं की लिहिलं तेच खरं. तुमचा विषय मागच्या सभेत झाला असेल, तर नगरसेवकांना सांगून ठेवा की ठरावाचे शब्द वाचूनच हात वर करा.

पुढचे विषय वाचताना क्रियापदाकडे बघायचं. "मंजुरी देणे" म्हणजे आता निर्णय होणार. "कार्योत्तर मंजुरी देणे" म्हणजे खर्च आधीच झाला आहे, सभेने त्यावर शिक्का मारायचा आहे. "अवलोकन करणे" किंवा "माहितीस्तव" असेल तर निर्णय काहीच होणार नाही. "विचारविनिमय करून निर्णय घेणे" हा सर्वात ढिला शब्द, त्यातून काहीही निघू शकतं. "प्राप्त दरांना मंजुरी" असेल तर निविदा उघडून झाली आहे आणि ठेकेदाराचा दर स्वीकारायचा आहे. असा विषय असला की दर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली आहे, हे नगरसेवकांनी विचारायलाच हवं.

शेवटी एक ओळ असते: "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय." पालिकेचं राजकारण या एका ओळीत दडलेलं असतं. पाणी अचानक बंद पडलं, साथ आली, पुराने पूल वाहून गेला, तर ऐनवेळचा विषय रास्त आहे. गाळे भाड्याने देणं, भूखंडाचं आरक्षण, मोठी खरेदी असे विषय ऐनवेळी आले, तर विरोध करणाऱ्या सदस्याने आपला विरोध इतिवृत्तात नावासह नोंदवून घ्यावा. तोंडी विरोध केला आणि खाली "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलं गेलं तर पुढे कुठेही दाद मागताना अडचण येते. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर जिल्हाधिकारी 1965 च्या त्याच अधिनियमाच्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तसा अर्ज करायचा तर ठरावाची प्रत हातात हवी. वर्तमानपत्राचं कात्रण त्यासाठी पुरत नाही.

सभा नागरिकांना बघता येते. काही विषय बंद दाराआड घ्यायचे असं पीठासीन अधिकारी ठरवू शकतात, पण तो अपवाद. प्रेक्षक म्हणून बसलात तर बोलता येत नाही. बोलायचं ते नगरसेवकाच्या तोंडून, म्हणून आपला मुद्दा त्यांना चार ओळींत लिहून द्या. विषय क्रमांक वरती घाला. सभागृहात विषय भराभर पुकारले जातात, कागद शोधेपर्यंत आपला विषय मंजूर किंवा तहकूब होऊन गेलेला असतो.

आपला विषय अजेंड्यावर आणायचा असेल तर सभेच्या किमान पंधरवडाभर आधी नगरसेवकाचं सहीचं पत्र मुख्याधिकाऱ्यांकडे पडायला हवं. विषयपत्रिका निघाली की तिच्यात नवा विषय शिरवायचा म्हणजे पुन्हा ऐनवेळचीच वाट. ठरावावर "सूचक" (मांडणारा) आणि "अनुमोदक" (पाठिंबा देणारा) अशी दोन नावं लागतात. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरचं एकेक नाव मिळालं तर पुढे सत्ता फिरली तरी विषयाला पाय फुटत नाहीत.

अर्ज कसा लिहायचा

एका अर्जात एकच विषय. गटार, पाणी आणि मोकाट कुत्री हे तिन्ही एकाच कागदावर लिहिलं, तर तो कागद बांधकाम, पाणीपुरवठा आणि आरोग्य अशा तीन विभागांत फिरतो आणि तिन्ही ठिकाणी दुसऱ्याचा ठरतो. नमुना असा:

*प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब, ____ नगरपरिषद.*
*विषय: प्रभाग क्र. __ मधील ____ गल्लीत (____ यांच्या किराणा दुकानापासून मुख्य नाल्यापर्यंत) आरसीसी गटार बांधण्याबाबत.*
*महोदय, वरील ठिकाणी अंदाजे 110 मीटर लांबीची जुनी दगडी गटार असून तिचा तळ खचला आहे. पाणी नाल्याकडे न जाता मारुती मंदिरासमोर साचते. गल्लीत 42 घरे आहेत. जागेची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व सन 20__-__ च्या अर्थसंकल्पात काम प्रस्तावित करावे ही विनंती. सोबत: 1) फोटो चार, 2) रहिवाशांच्या सह्या, मालमत्ता क्रमांकासह.*

यातलं "पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे" हे वाक्य सर्वात कामाचं. नुसतं "योग्य ती कार्यवाही करावी" लिहिलं तर गाळ काढला की कार्यवाही झाली. सह्यांपुढे मालमत्ता क्रमांक घालायचं कारण सरळ आहे: करदाते कोण ते नोंदवहीत लगेच सापडतं. लांबी पावलांनी मोजली तरी चालते, मोठ्या माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटर धरा. गटार जिथे संपते ती जागा अर्जात असलीच पाहिजे. शेवट नसलेली गटार म्हणजे लांबट डबकं.

अर्ज दोन प्रतींत नेऊन आवक टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेबांना दाखवून आणा, मग आवक करू" असं सांगितलं तर नम्रपणे आधी आवक करून घ्या. शिक्का न बसलेला अर्ज पालिकेच्या लेखी दिलेलाच नसतो. आठवड्याने त्याच टेबलावर जाऊन कागद कोणत्या विभागाकडे आणि कोणत्या तारखेला गेला ते विचारा आणि आपल्या प्रतीच्या मागे लिहून ठेवा.

ठरावापासून कार्यादेशापर्यंत

ठराव झाला म्हणजे काम झालं असं समजून पेढे वाटणारे बरेच. प्रत्यक्षात त्यानंतर इतके टप्पे असतात: कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप घेतो, चालू दरसूचीप्रमाणे (कामांच्या सरकारी दरांची यादी) अंदाजपत्रक करतो, त्याला सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता मिळते. निधी कोणत्या शीर्षातून येणार यावर प्रशासकीय मान्यता कुणाची ते ठरतं. पालिकेचा स्वतःचा निधी असेल तर विषय बहुतेक गावातच मिटतो. पैसा जिल्हा नियोजन समितीचा किंवा नगरोत्थान, अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण अशा शासकीय योजनेचा असेल तर प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेतून जातो. वित्त आयोगाच्या पैशातला बराच भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, त्यातून सभामंडप मागू नका. 1999 मध्ये जकात गेल्यापासून लहान पालिकांकडे स्वतःचा असा मोठा पैसा उरलेला नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं आणि आठवडे बाजाराची फी यांतून पगार, वीजबिल आणि पंपांची दुरुस्ती भागली तरी पुष्कळ. म्हणून अर्ज देतानाच "हे काम कोणत्या निधीतून बसेल?" असं अभियंत्याला विचारा. उत्तर मिळालं की प्रस्ताव कुठे अडकेल तेही कळतं.

मग निविदा. ठरावीक रकमेच्या वरच्या कामांची ई-निविदा महाटेंडर पोर्टलवर येते. ती कुणालाही बघता येते, लॉगिन लागत नाही. कामाचं नाव नीट वाचा. तुमच्या गल्लीचं काम "प्रभाग क्र. 7 मधील विविध ठिकाणी" अशा नावाखाली जोडलेलं असेल, तर पैसे संपेपर्यंत ठेकेदार तुमच्या गल्लीत पोचेलच असं नाही. असं नाव दिसलं की अंदाजपत्रकातली जागांची यादी मागून घ्या. अंदाजपत्रकापेक्षा फारच कमी दराने काम घेतलेलं असेल तरी डोळे उघडे ठेवा. ठेकेदाराकडून जादा सुरक्षा अनामत घेतात खरी, पण गेलेला पैसा सिमेंटमधूनच वसूल होतो.

कार्यादेशावर चार गोष्टी असतात: रक्कम, कामाची मुदत, सुरू करायची तारीख आणि दोष दायित्व कालावधी. शेवटची गोष्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि त्याची अनामत पालिकेकडे अडकलेली असते. मुदत संपल्यावर तक्रार केली तर नवी निविदा निघते.

काम चालू असताना काय बघायचं

गटारीचं काम नाल्याच्या बाजूने सुरू व्हायला हवं, गल्लीच्या वरच्या टोकाने नाही. खालची पातळी आधी पक्की केली तरच वरपर्यंत उतार मिळतो. वरून सुरू केलेली गटार शेवटी नाल्याच्या तळापेक्षा खोल जाते, मग पाणी उलटं थांबतं. तळाचं काँक्रीट झालं की बाजूच्या भिंती चढण्याआधी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. कुठे थबकतं ते तिथेच दिसतं आणि दुरुस्तीही तेव्हाच स्वस्तात होते.

काँक्रीट रस्ता असेल तर जाडी बघा. अंदाजपत्रकात 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड असेल तर 45 घनमीटर काँक्रीट होतं. जाडी 12 सेंटिमीटर पडली की तेच 36 घनमीटर. वरून दोन्ही रस्ते सारखेच दिसतात, 9 घनमीटरचा फरक मोजमाप पुस्तिकेतच कळतो. कडेला लावलेल्या लोखंडी किंवा लाकडी फर्म्याची उंची टेपने मोजली की पुरे, पण मधोमध खालचा भराव फुगवलेला नाही ना तेही दोरी ताणून बघा. पेव्हर ब्लॉक असतील तर पायी वाटेला 60 मिलिमीटरचे चालतात. ट्रॅक्टर-टेम्पो जाणाऱ्या रस्त्याला 80 चे हवेत. रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या ज्या गल्लीतून वळतात तिथे 60 चे ब्लॉक पहिल्या हंगामातच खचतात.

खान्देशात काँक्रीट बिघडतं ते बहुतेक क्युरिंग, म्हणजे ओतल्यावर ते ओलं ठेवणं, नीट न झाल्यामुळे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा 45 च्या आसपास असतो, दुपारी ओतलेलं काँक्रीट संध्याकाळपर्यंत वरून कोरडं पडतं आणि केसासारख्या भेगा येतात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या-गरम हवेत साध्या सिमेंटला किमान 10 दिवस आणि मिश्र सिमेंटला 14 दिवस ओलावा ठेवायचा असतो. बाजारात मिळणारी बरीच पोती पीपीसीची, म्हणजे मिश्र सिमेंटची असतात, म्हणजे 14 दिवसच धरा. मातीचे वाफे करून पाणी साठवणं किंवा गोणपाट ओलं ठेवणं हाच उपाय, सकाळी एकदा टँकरने शिंपडून जाणं म्हणजे क्युरिंग नव्हे. टँकर येत नसेल तर त्या दिवसाचा तारखेसह फोटो काढा आणि अभियंत्याला लेखी द्या. बिल निघण्याआधी दिलेला असा कागद, बिल निघाल्यानंतरच्या दहा अर्जांपेक्षा भारी पडतो.

बिलाचा रस्ता असा: कनिष्ठ अभियंत्याची मोजमाप पुस्तिका (सगळे "एमबी"च म्हणतात), नगर अभियंत्याची तपासणी, लेखापरीक्षण, लेखा विभाग आणि शेवटी मुख्याधिकारी. शासकीय निधीच्या कामाला बहुधा अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतनाचा त्रयस्थ तपासणी अहवालही लागतो. तो अहवाल आणि एमबीची पानं माहिती अधिकारात मागता येतात.

पाणी

गावोगावचं पाणी वेगवेगळ्या ठिकाणाहून येतं आणि टंचाईचं कारणही त्याप्रमाणे बदलतं. भुसावळ, अमळनेर तापीवर, पाचोरा-भडगाव गिरणेवर, पारोळा बोरी धरणावर, नंदुरबार विरचक धरणावर. गिरणाकाठच्या गावांत उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येईल हे धरणातून आवर्तन (पाळीने सोडायचं पाणी) कधी सुटतं त्यावर ठरतं. ते सोडण्याचा निर्णय पालिकेच्या हातात नाही, मागणी मात्र पालिकेनेच वेळेत करायची असते.

आपल्या नळाला किती पाणी येतं ते मोजता आलं पाहिजे. 20 लिटरची बादली किती वेळात भरते बघा. एका मिनिटात भरली आणि पाणी 45 मिनिटं आलं, तर 900 लिटर झाले. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोजी 135 लिटर हे प्रमाण धरतात, नसलेल्यासाठी 70. पाणी दर चार दिवसांनी येत असेल तर पाच माणसांच्या घराला 70 प्रमाणे चार दिवसांचे 1,400 लिटर हवेत. हे आकडे मांडून अर्ज दिला तर "कमी दाबाने पाणी येते" या वाक्याला वजन येतं आणि व्हॉल्व्हमन किती वेळ व्हॉल्व्ह उघडतो हा प्रश्नही आपोआप पुढे येतो.

पहिली पाच-दहा मिनिटं घाण वास आणि नंतर पाणी स्वच्छ, असं होत असेल तर बिघाड बहुतेक तुमच्या गल्लीतच आहे. गटारीतून गेलेली कनेक्शनची नळी फुटलेली असते. नळाला थेट टुल्लू पंप लावले की वाहिनीत ओढ तयार होते आणि त्याच फटीतून गटारीचं पाणी आत खेचलं जातं. त्यामुळे ज्या गल्लीत टुल्लू जास्त तिथे जुलाबाचे रुग्ण जास्त. अशा वेळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून मागा. नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात किमान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन उरलेलं असावं. टाकीजवळचा नमुना चांगला येणारच, नमुना शेवटच्या घरातून घ्यायला लावा.

घरपट्टी वाढली तर

दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. नवी यादी प्रसिद्ध झाली की हरकतीला 30 दिवस मिळतात, आणि मुदत गेली की चार वर्षं तोच आकडा. हरकत "कर परवडत नाही" अशी लिहू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. आकारणीचा उतारा काढा आणि त्यातली एकेक नोंद ताडून बघा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय, वापर आणि भोगवटादार. जुन्या पेठांमध्ये मातीच्या धाब्याचं घर उताऱ्यावर आरसीसी म्हणून चढलेलं सापडतं. पुढच्या खोलीत कधीकाळी शिवणकाम चालायचं म्हणून अख्खा तळमजला वाणिज्य दाखवलेला असतो. स्वतः राहत असताना भाडेकरूची नोंद असते. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात, ती वजावट झाली आहे का तेही बघा. चूक दाखवणारा फोटो, जुनी पावती आणि वीजबिल जोडा. घरगुती दराचं वीजबिल हा वापराचा चांगला पुरावा.

हरकत प्रलंबित आहे म्हणून भरणा थांबवू नका. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24. जुन्या दराने पैसे भरून पावतीवर "हरकतीस अधीन राहून" असं लिहून घ्या.

जन्मदाखला

नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. खान्देशातली पुष्कळ कुटुंबं सुरतेला कामाला आहेत, बाळंतपण तिकडे झालं तर दाखला सुरत महानगरपालिकेचा, गावातल्या पालिकेत खेटे घालून मिळणार नाही. 21 दिवसांत नोंद मोफत. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करून टाका, नाव 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं आणि पुढे विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. आईबापांची नावं आधार कार्डाप्रमाणे अक्षर-अक्षर जुळवूनच फॉर्म भरा. दाखल्यातली चूक पुढे शाळेत, जातीच्या दाखल्याला आणि पासपोर्टला आडवी येते.

उत्तर आलंच नाही तर

दाखले, कर उतारा, मालमत्ता हस्तांतरण, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांना लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 लागू आहे. प्रत्येक सेवेची मुदत आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचं पद पालिकेत फलकावर लावलेलं असायला हवं. मुदत टळली की 30 दिवसांत प्रथम अपील करा. अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद याच कायद्यात आहे. रस्ता-गटारीसारख्या कामांना हा कायदा लागू होत नाही, तिथे माहितीचा अधिकार वापरा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. "काम का झाले नाही" असं विचारू नका, "का" ला माहिती मिळत नाही. असं मागा: "माझ्या दि. __ च्या अर्जावर (आवक क्र. __) आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती." सोबत दप्तर तपासणीही मागा, तिचा पहिला तास मोफत असतो आणि प्रती कोणत्या हव्यात ते फाइल बघूनच कळतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील पालिकेतच करायचं, त्यानंतर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.

जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी अर्ज 15 दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि विषय वैयक्तिक तक्रारीचा असावा लागतो. अख्ख्या गल्लीच्या सह्यांचा अर्ज तिथे घेत नाहीत. एका घरमालकाच्या नावाने, "माझ्या घरासमोर पाणी साचते" असा लिहून द्या आणि पालिकेला दिलेल्या अर्जाच्या शिक्का असलेल्या प्रतीची झेरॉक्स सोबत जोडा.